नहाणी तुंबली आणि बोलणं बंद झालं

पत्राचा सारांश: नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचं पत्र आलंय. तळमजला अधिक तीन मजले, आठ फ्लॅटची 12 वर्षं जुनी इमारत, आणि ताईंचं घर तळमजल्यावर. दिवाळीपासून सकाळी आठच्या सुमारास बाथरूमच्या नहाणीतून साबणाच्या फेसासकट पाणी वर येतं, तेही घरात कुणी नळ उघडलेला नसताना. स्वयंपाकघरातलं सिंकही रेंगाळतं. वास येतो. शिवाय बाथरूमच्या छताला ओलीचा डाग पडलाय. पहिल्या मजल्यावरच्या आजी चहाचा चोथा आणि उरलंसुरलं सगळं सिंकमध्ये ओततात, असं ताईंचं ठाम मत. त्यावरून जिन्यात शब्दाला शब्द वाढला आणि तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे. दर रविवारी ॲसिड ओतून झालं. प्लंबर दोनदा येऊन गेला आणि दुसऱ्या वेळी ‘सगळं बाथरूम फोडावं लागेल, 60 हजार धरा’ असं सांगून गेला. यजमान म्हणतात, घरच विकून टाकू. ताईंचा प्रश्न असा: आजींविरुद्ध सोसायटीकडे लेखी तक्रार करू, की मुकाट्याने बाथरूम फोडून घेऊ?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही आजींचा राग आला. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि दोन वाक्यांखाली रेघ मारली. तुम्ही लिहिलंय, ‘दिवाळीत आजी-आजोबा पंधरा दिवस मुलाकडे पुण्याला होते, तेव्हा छताचा डाग जरा सुकल्यासारखा वाटला, पण पाणी मात्र रोज येतच होतं.’ आणि पुढे, सोसायटीवर वैतागून: ‘मे महिन्यात पार्किंगला एवढे पेव्हर ब्लॉक बसवले, पण ड्रेनेजकडे बघायला कुणाला वेळ नाही.’

ही दोन वाक्यं तुम्ही रागाच्या भरात लिहून गेलात, पण निम्मं उत्तर त्यांतच आहे. आजी पुण्यात आणि पाणी तुमच्या नहाणीत, म्हणजे ते पाणी आजींचं नव्हतं. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची अंघोळ, कपडे, भांडी यांचं पाणी होतं, आणि तुम्ही त्या दोन घरांचं पत्रात नावही घेतलेलं नाही. छताचा डाग मात्र आजी गेल्यावर सुकला. तिथे बोट त्यांच्या बाथरूमकडे जातं हे खरं. म्हणजे तुमची दुखणी दोन आहेत आणि तुम्ही ती एकाच गोणीत भरून आजींच्या दारात नेऊन टाकलीत. आधी ती वेगळी करू.

त्याआधी ॲसिडचं बोलते, कारण ते आजच बंद करायचंय. फरशी-संडास धुवायला जे ॲसिड मिळतं ते क्षार खातं, सिमेंट खातं, फरशीच्या सांध्यातली भर खातं. तेलातुपाला ते काहीही करत नाही. नळीत बसलेला तुपकट थर तसाच राहतो आणि तुमच्याच फरशीचे सांधे मोकळे होतात. कॉस्टिक सोडा तेलावर चालतो, पण तो जास्त पडला आणि वर पाणी कमी पडलं तर तेल-सोड्याचा साबण होऊन आतच दगडासारखा बसतो. आणि ॲसिडवर ब्लीचिंग पावडर किंवा कपड्यांचं ब्लीच कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. यापुढे कुठलाही प्लंबर ट्रॅपला, म्हणजे नळीच्या तोंडाशी पाणी धरून वास अडवणाऱ्या भागाला, हात लावायला वाकला की आधी सांगायचं, ‘दादा, यात ॲसिड ओतलंय.’ त्याच्या डोळ्यांचा प्रश्न असतो.

आता पाणी का येतं ते बघू. वरच्या मजल्यांचं सांडपाणी एका उभ्या पाइपातून खाली येतं, खाली गली ट्रॅपमध्ये, म्हणजे इमारतीबाहेर जमिनीलगत असलेल्या ट्रॅपमध्ये पडतं, तिथून चेंबरमध्ये, एका चेंबरमधून दुसऱ्यात, आणि गेटजवळच्या शेवटच्या चेंबरमधून महापालिकेच्या गटारीत. या वाटेत कुठेही बूच बसलं की पाणी मागे चढतं, आणि सगळ्यात खालचं तोंड मिळेल तिथून बाहेर पडतं. ते तोंड तळमजल्याची नहाणी. तिसऱ्या मजल्यावर कुणाला पत्ताही लागत नाही, त्यांचं पाणी झोकात जात असतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांच्या वाट्याला इमारतीची अशी सगळी गुपितं येतात.

बूच कुठे आहे हे शोधायला प्लंबरही लागत नाही, चेंबरचं झाकण उघडायला एक पहार आणि एक धडधाकट माणूस पुरे. नहाणीत पाणी चढलेलं असताना, म्हणजे सकाळी आठलाच, तुमच्या बाथरूमच्या बाहेरचं पहिलं चेंबर उघडा. ते कोरडं असेल तर बूच तुमचं घर आणि चेंबर यांच्या मधल्या नळीत आहे. ते तुडुंब भरलेलं असेल तर तुमचं बाथरूम निर्दोष आहे आणि अडथळा पुढे आहे. मग पुढचं झाकण उघडा. मग त्याच्या पुढचं. भरलेल्या चेंबरनंतर पहिलं रिकामं चेंबर सापडलं की त्या दोघांच्या मधली लाइन तुंबलीय. शेवटचं गेटजवळचंही भरलेलं असेल, तर अडचण रस्त्यावरच्या लाइनीत, आणि ते काम महापालिकेचं. विभागीय कार्यालयात तक्रार नोंदवायची आणि तक्रारीचा क्रमांक घ्यायचा. एवढ्याने 60 हजारांचा निम्मा निकाल लागतो. तुमच्या प्लंबरने बाहेरचं एकही झाकण उघडलं नव्हतं, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. झाकण न उघडता बाथरूम फोडायला सांगणारा प्लंबर म्हणजे नाडी न बघता ऑपरेशनची तारीख देणारा डॉक्टर.

आता ते पेव्हर ब्लॉक. मला दाट संशय आहे की तुमची एक-दोन झाकणं त्या ब्लॉकखाली गेली आहेत. हे मी अनुभवाने सांगतेय. आमच्या सोसायटीत असंच पार्किंगचं काम झालं आणि पुढच्या थंडीत खालच्या घरांत पाणी यायला लागलं. आम्ही सगळ्यांनी एकमताने दोष दिला दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या चार पोरांना. कॉलेजची पोरं, मॅगी खातात, आणखी काय हवं? सचिवांनी त्यांना नोटीसही लावली. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने पहारीने ब्लॉक ठोकत ठोकत जिथे पोकळ आवाज आला तिथे चार ब्लॉक उचलले. खाली झाकण, झाकणाखाली चेंबर, आणि चेंबरच्या तळाशी सिमेंटच्या मालाचा भाकरीएवढा गोळा, त्यात अडकलेला ब्लॉकचा तुकडा. त्यावर खडी-वाळूचा थर, आणि सगळ्यावर पांढरट, जाड, सायीसारखं काहीतरी. मिस्त्रीने काठीने ती साय उचलून दाखवली. लोंबत होती. ‘हे तुमचं फराळाचं तेल,’ तो म्हणाला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पोरांची माफी कुणी मागितली नाही, एवढं इथे लिहून ठेवते.

तुमच्याकडे मे महिन्यात काम झालं आणि त्रास दिवाळीत सुरू झाला, मग मधले महिने काय झालं असा प्रश्न तुम्हाला पडेल. माझा तर्क असा: वाळू-सिमेंट आधी तळाशी बसलं, पावसाळ्यात त्यावर गाळ साठला, पण पाणी वरून कसंबसं जात राहिलं. मग दिवाळीचं तळण आलं. चकली, शेव, अनारसे, आणि खाली उरलेलं करपट तेल. त्यापाठोपाठ आपली नाशिकची थंडी. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात तेव्हा आपल्या मोरीतलं तूपही थिजतं. डालडा असेल तर विचारूच नका. नळी आतून अरुंद होत जाते आणि एक दिवस बंद पडते. चहाचा चोथा त्यात अडकतो, भाताची शितं अडकतात, केस अडकतात, पण त्यांना धरून ठेवणारा चिकटा तेलाचा असतो. आता एक आगाऊ प्रश्न विचारते. तुमच्या दिवाळीच्या कढईतलं तेल कुठे गेलं? उत्तर मला कळवायची गरज नाही. यापुढे मात्र कढई-तवा आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायचा, मग घासायचा. मिसळीच्या तर्रीचं भांडंसुद्धा. उरलेलं तेल बाटलीत भरून ओल्या-सुक्याच्या घंटागाडीत द्यायचं. नाहीतर ते तुमच्या नळीत नाही अडकलं तरी पुढे तपोवन, आगरटाकळीच्या मलनिस्सारण केंद्रांपर्यंत जातं, आणि त्यांच्या पलीकडे गोदावरी आहे.

झाकण सापडलं की पुढचा मोह टाळायचा. सोसायट्यांमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘एक माणूस आत उतरवला की अर्ध्या तासात काम.’ नाही. कितीही उथळ दिसलं तरी चेंबरमध्ये, सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायचा नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो; त्याचा वास आधी सडक्या अंड्यासारखा येतो आणि प्रमाण वाढलं की नाकाला वास कळणंच बंद होतं, मग माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. 2013च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला बंदी आहे, आणि जबाबदारी उतरवणाऱ्यावर येते. वरून बांबू-पट्टी, लांब स्प्रिंग, नाहीतर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने लाइन मोकळी करणारी जेटिंगची गाडी. झाकणं उघडल्यावर थोडा वेळ तशीच ठेवायची, जवळ विडी-काडी नको, आणि पोरं-कुत्री लांब.

लाइन मोकळी झाल्यावर एक गोष्ट मिस्त्रीकडून तपासून घ्या: तुमच्या नहाणीची नळी वरच्या मजल्यांच्या उभ्या पाइपाच्या पायथ्यालाच जोडलीय का. बऱ्याच इमारतींत बिल्डरने दहा फूट पाइप वाचवायला ही करामत केलेली असते. तसं असेल तर पुढच्या प्रत्येक तुंबण्यात पहिला बळी तुम्हीच. तळमजल्याची लाइन वेगळी काढून थेट गली ट्रॅपला किंवा चेंबरला जोडून घेता येते. पैसे खर्चच करायचे असतील तर ते इथे करा. चार इंची नळीला साधारण 40 फुटांना एक फूट उतार हवा, हे मिस्त्रीला विचारून दाखवा. ‘बाईंना कळतंय’ एवढा संशय आला तरी काम नीट होतं. आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेलं असेल तर ते आधी तोडून पावसाळी गटारीकडे वळवायला सांगा. ते राहिलं तर आषाढात पुन्हा पत्र लिहाल.

वासाचं त्यामानाने सोपं आहे. नहाणीची जाळी उचला. खालच्या ट्रॅपमध्ये, ज्याला दुकानात ‘नाणी ट्रॅप’ म्हणतात, दोनेक इंच पाणी कायम उभं असायला हवं. ते पाणी हेच वासाला आणि झुरळांना लावलेलं दार. काही ट्रॅपमध्ये हे पाणी धरणारा कप सुटा असतो, आणि पाणी भरभर जावं म्हणून प्लंबर तो काढून खिडकीत ठेवून जातात. तुमच्या खिडकीत शाम्पूच्या बाटल्यांमागे बघा. कप जागेवर असून वास येत असेल, आणि वर कुणी पाणी सोडलं की तुमच्या नहाणीत गुडगुड आवाज होत असेल, तर गच्चीवर जाऊन हवेचा पाइप बघा. त्याचं तोंड कबुतरांनी बुजवलेलं असतं, किंवा पत्र्याची शेड टाकताना कुणीतरी पाइप कापून टोपण बसवलेलं असतं. हवा मिळाली नाही की खाली जाणारं पाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतं. पाहुण्यांच्या बंद बाथरूममधून वास येतो त्याला आठवड्याला दोन तांबे पाणी एवढंच औषध.

सिंकचं काम घरचं आहे. खाली बादली ठेवा, बाटलीच्या आकाराचा ट्रॅप हातानेच फिरवून उघडतो, त्यातला चिखल काढा, रबरी वॉशर सरळ बसवून परत लावा. तरीही पाणी रेंगाळलं तर रबरी पंप. पंपाची वाटी बुडेल इतकं पाणी हवं आणि सिंकच्या वरच्या ओव्हरफ्लोच्या भोकात ओलं फडकं कोंबायचं, नाहीतर नुसती हवा मारत बसाल. शेवटी भांड्यांच्या साबणाचं गरम पाणी. उकळतं नको, प्लास्टिकची नळी मऊ पडते. हाताला चटका बसेल न बसेल इतपत.

आता छताचा डाग. आजी पुण्याला गेल्या आणि तो सुकला. जाताना आजोबांनी घराचा मुख्य कॉक बंद केला होता का, हे विचारायला हवं. केला नसेल, तर टाकीचं पाणी त्यांच्या नळांच्या पाइपांत पंधरा दिवस उभं होतं आणि तरी डाग सुकला. म्हणजे नळाची लाइन ठीक आहे, गळती वापरलेल्या पाण्याची आहे: फरशीचे सांधे, नहाणीभोवतीची जागा किंवा ट्रॅपचा जोड. कॉक बंद केला असेल तर नळाची लाइनही संशयितांत धरायची. फरशीचा निकाल लावायला त्यांच्या नहाणीत फडक्याचं बूच मारून इंचभर पाणी साठवायचं, भिंतीवर खडूने रेघ ओढायची आणि एक दिवस बाथरूम वापरायचं नाही. रेघेखाली पाणी चांगलंच उतरलं आणि तुमचा डाग ओला झाला, तर फरशी. मग जुने सांधे खरवडून इपॉक्सी भरून बघायचे. फोडाफोडीची वेळ कित्येकदा येतच नाही. काही फरक पडला नाही तर ट्रॅपचा जोड, आणि तिथेही फोडायचं ते नहाणीच्या भोवतीचं फूट-दोन फूट.

खर्च कुणाचा? सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत हे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. बाहेरच्या सामाईक पाइपलाइन, ड्रेनेज, चेंबर आणि त्यामुळे होणारी गळती सोसायटीच्या खर्चाने. घरातल्या संडास-बाथरूम-सिंकमुळे होणारी गळती त्या सभासदाच्या खर्चाने. म्हणजे नहाणीतून येणाऱ्या पाण्याचा खर्च बहुधा तुमचाही नाही आणि आजींचाही नाही, सोसायटीचा. डागाचा मात्र आजींचा, आणि त्याबाबतीत तुमचं म्हणणं खरं आहे.

म्हणून लेखी तक्रार कराच, पण आजींविरुद्ध नको. सचिवांना लिहा: ‘अमुक तारखेपासून सामाईक सांडपाणी माझ्या घरात येत आहे, फोटो सोबत आहेत. सर्व चेंबर्सची झाकणं उघडून माझ्यासमोर तपासणी करावी आणि पेव्हर ब्लॉकखाली गेलेली झाकणं वर घ्यावीत.’ पोच घ्या. यात कुणाचं नाव नाही, त्यामुळे कुणाला बाजू घ्यावी लागत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांनाही हो म्हणायला सोपं जातं. एकदा आजींचं नाव कागदावर आलं की पुढची सभा चहाच्या चोथ्यावर होईल आणि चेंबर तसंच राहील.

घर विकण्याचं म्हणाल, तर विकत घेणारा सकाळी आठला घर बघायला आला म्हणजे?

राहता राहिलं आजींशी बोलणं. तुम्ही लिहिलंय की भांडणाआधी दर उन्हाळ्यात त्यांच्या कुरडया तुमच्या अंगणात वाळायच्या. मग वर जायला निमित्त शोधायला नको. ‘आजी, तुम्ही पुण्यात होतात तेव्हाही पाणी येत होतं, माझं चुकलं,’ एवढं एक वाक्य आधी. डागाचं त्यानंतर, आणि पहिल्याच दिवशी नाही. त्यांच्या बाथरूमचं काम निघालं तर तेवढे दिवस तुमचं बाथरूम वापरायला द्या. सत्तरीच्या माणसांना खर्चाइतकीच धास्ती ‘चार दिवस अंघोळ कुठे करायची’ याची असते.

एक तपासणी मात्र दोघींनी मिळून करायची आहे, त्यासाठी रंग लागेल. रंगपंचमीचा उरलेला कुठल्यातरी डब्यात असेलच. आपल्या गावात तिवंध्याच्या, शनी चौकाच्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले जुने हौद, वर्षभर मातीखाली बुजलेल्या असतात, पण रंगपंचमीला लोक आठवणीने उघडतात. सोसायटीच्या चेंबरला तेवढंही भाग्य नाही. तर रविवारी सकाळी लाइन मोकळी झाल्यावर आजींनी त्यांच्या नहाणीत रंगाची एक बादली सावकाश ओतायची, आजोबांनी खाली चेंबरपाशी उभं राहून रंग किती वेळात येतो ते घड्याळात बघायचं, आणि तुम्ही तुमच्या बाथरूममध्ये टॉर्च घेऊन छताकडे बघत थांबायचं. छतावर रंगाचा थेंब दिसला तर जोड गळतोय. कोरडं राहिलं तर संशय फरशीच्या सांध्यांवर. गुलाबी घ्या, पांढऱ्या छतावर चटकन दिसतो. आणि बादली आजींनाच ओतू द्या.